‘हं’ आणि ‘फट’

९ जानेवारी, सोमवार

बायको हॉस्पिटलात नर्स होती तेव्हा ही डायरी तिला कुठल्याशा औषध कंपनीने दिली होती. पाच वर्षांपूर्वीची आहे, कोरीच पडून होती. छापलेले वार खोडून मी खरे वार घालणार आहे. खरं तर मी डायरी लिहिणाऱ्यांतला नव्हे. छत्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर उभं राहून दुसऱ्यांनी लिहिलेलं छापलं आणि सकाळ-संध्याकाळ लोकांना बॉक्सिंग शिकवलं. छापखाना सुटला, बॉक्सिंग राहिलं. तक्रार नाही.

लिहायचं कारण असं, की काल संघटनेचे सेक्रेटरी हॉलवर आले. थोरल्याला किताबाची लढत मिळते आहे! चार मार्च, दहा राउंड. समोर तुडतुड्या, ज्याचे पाय जमिनीला लागतात की नाही अशी लोकांना शंका येते. पण थोरला सदतीस वर्षांचा. पस्तिशीपुढच्या खेळाडूला एवढ्या मोठ्या लढतीत उतरवायचं तर संघटना दोन कागद मागते, एक डॉक्टरचा आणि एक मास्तरचा. डॉक्टर अंग तपासणार, आणि गडी अजून आहे की संपला हे मी सांगायचं.

"तुमच्या एका ओळीवर आहे सगळं," सेक्रेटरी म्हणाले. "हो किंवा नाही. सहा फेब्रुवारीपर्यंत."

असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी आलेला चहा पिऊन टाकला आणि गेले.

थोरला म्हणजे कोण हे लिहून ठेवतो, कारण डायरीला सगळं सांगावं लागतं म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी दोन भाऊ हॉलवर आले. धाकटा आठव्या दिवशी नाक धरून पळाला. थोरला राहिला, आणि नावही तेच राहिलं. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलतो कमी. एकोणीस वर्षांत त्याने मला उलट उत्तर दिलेलं आठवत नाही, आणि मी त्याला उलटसुलट बोललो नाही असा आठवडा आठवत नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

आमची पद्धत. दोन्ही हातांत ठोसे झेलायचे पॅड घालून मी समोर उभा राहतो. ‘हं’ म्हणतो आणि पॅड वर करतो, थोरला मारतो. उजवा की डावा, वर की खाली, हे पॅड सांगतो. कधी मारायचं हे ‘हं’ सांगतं. दुसरे मास्तर आकडे ओरडतात, शिव्या देतात. मी फक्त ‘हं’ म्हणतो.

त्याच्या ऐन भरात ‘हं’ आणि ‘फट’ हे एकच अक्षर होतं. हंफट. हंफट. खालच्या गोदामातला हमाल एकदा वर येऊन म्हणाला होता, मास्तर, शिंका कोणाला येतायत?

आज मी नीट कान दिला. माझा कान छापखान्यात तयार झालेला आहे. मशीनचा एक दात चुकला तर मी चहाच्या टपरीवरून ओळखायचो. आज ऐकलं ते असं: हं. मग एक रिकामी जागा. मग फट. त्या जागेत सावकाश ‘एक’ म्हणता येतं.

मी पुन्हा केलं, डावीकडून केलं, खालून केलं. प्रत्येक वेळी तीच जागा. जोर पूर्वीचाच, पण गडी उशिरा येतो आहे.

घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही. तिने दारातून किल्ल्या फेकल्या त्या माझ्या छातीवर आपटून खाली पडल्या. हिचा नेम हल्ली बिघडलाय.

१६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरचा कागद आला. भिंतीवर दिवा लागला की बटण दाबायचं अशी परीक्षा होती म्हणे. थोरल्याचा हात पंचविशीतल्या माणसासारखा चालतो असं त्यात लिहिलंय. लिहू देत. दिवा काही उलट मारायला येत नाही.

संध्याकाळी पोट कमी करायला येणाऱ्या बँकेतल्या साहेबांना पॅड दिले. एरवी त्यांना शिट्टी शिकवते. शिट्टी म्हणजे हॉलवरची दुसरी मास्तर, तिशीतली, गळ्यात कायम शिट्टी आणि तोंडात कायम उत्तर. आज ती मुलींना शिकवत होती म्हणून म्हटलं चला. मी ‘हं’ म्हणालो आणि साहेबांनी जो ठेवून दिला तो थेट माझ्या ओठावर. पॅड वर यायची वाटच बघितली नाही! दहा वेळा माफी मागितली बिचाऱ्यांनी. मी म्हणालो, बँकेत लोकांना तासभर रांगेत उभं करता, इथे क्षणभर धीर धरा. शिट्टी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

बायकोने ओठ पुसताना बत्तीस वर्षांच्या नोकरीतले सगळे प्रश्न विचारले. कोणत्या बाजूने आला? दिसला होता का? मी हात कधी उचलला? म्हटलं, अगं, ओठ सुजलाय, पोलीस केस नाही.

२१ जानेवारी, शनिवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं, म्हणून इथे लिहितो.

थोरल्याआधी माझ्याकडे एक होता. त्याला सगळे पहिलवान म्हणायचे, कुस्ती न खेळताच. त्याच्या शेवटच्या लढतीआधी मला शंका आली होती. तोही उशिरा यायला लागला होता. पण मी गप्प बसलो, कारण त्याला खेळायचं होतं आणि मलाही त्याला खेळताना बघायचं होतं. त्या लढतीत तो नवव्या राउंडपर्यंत उभा राहिला. राहायला नको होता. आता बोलताना तो शब्द शोधतो. चमच्याला ‘ते ढवळायचं’ म्हणतो. त्याची बायको बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीतून जातो. तिने मला कधी दोष दिला नाही, म्हणून जास्तच.

त्यामुळे या वेळी मी डोळ्यांवर कातडं ओढून बसणार नाही. थोरल्याला दोन मुली आहेत. धाकटी मला आजोबा म्हणते आणि माझ्या टकलावर स्टिकर लावते.

२४ जानेवारी, मंगळवार

मुलीचा फोन चार वेळा वाजून बंद पडला, मी खिशातून काढेपर्यंत. हे नवे फोन फार लवकर हार मानतात.

आज डबा विसरलो म्हणून बायको तो घेऊन हॉलवर आली. सहा वर्षांत पहिल्यांदा जिना चढली. डबा देऊन जाईल असं वाटलं, पण बाकावर अर्धा तास बसली. मी थोरल्याला पॅड देत होतो. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, या वयात नवऱ्याचं कौतुक वाटत असेल तर वाटू दे. मी जरा छाती काढून उभा राहिलो.

जाताना ती आणि शिट्टी जिन्यात बराच वेळ कुजबुजत होत्या. विचारलं तर म्हणाली, विणकामाचं. शिट्टी विणकाम करते हे मला नवीनच.

फरक अजून तोच. हं, एक, फट.

३० जानेवारी, सोमवार

सरावाच्या लढती ठेवल्या. दोन ताज्या दमाचे गडी बाहेरून आणले, तीन-तीन राउंड. थोरल्याने दोघांनाही कोपऱ्यात बसवलं. ते हूल द्यायचे, खांदा हलवायचे, आणि हा नुसता बघत उभा राहायचा. मग खरा ठोसा निघाला की हा त्याच्या आत असायचा. शिट्टी टाळ्या वाजवत होती.

"मास्तर, दिसलं ना?" ती म्हणाली.

"दिसलं," मी म्हणालो. "पोरं त्याचा मान ठेवतायत."

"त्या लाल चड्डीवाल्याच्या डोळ्यात पाणी आलंय. मान ठेवणाऱ्याच्या येतं का?"

मी तिला सांगितलं की पॅड खोटं बोलत नाहीत. समोरचा खेळाडू ढिला असू शकतो, घाबरलेला असू शकतो. पॅड तेच, ‘हं’ तेच, धरणारा तोच. एकोणीस वर्षं काही बदललेलं नाही, म्हणून जे बदललंय ते थोरल्यात बदललंय. हे साधं गणित आहे.

तिने शिट्टी तोंडात घातली. वाजवली नाही, चावत बसली.

१ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. चार वेळा कागद बदलला. शेवटी एवढंच उरलं: ‘खेळाडूची ठोशाची वेळ उतरली आहे. लढतीस नाही.’ सही करायला बराच वेळ लागला, वाईट वाटत होतं म्हणून.

पाकीट चिकटवून बायकोला दिलं. ती भाजी आणायला निघाली होती, पोस्ट वाटेतच आहे.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"माझा कान आहे," मी म्हणालो.

"कानाचं मी काही म्हणतच नाही," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज थोरल्याला सांगितलं. दुसऱ्याकडून कळायला नको होतं. पॅड झाल्यावर तो बाकावर बसून हाताची पट्टी सोडत होता.

म्हणालो, मी ‘नाही’ लिहिलंय. तू संपलास असं नाही, पण वेळ गेलीय. मी पहिलवानाचंही सांगितलं.

तो पट्टी गुंडाळत राहिला. ती तो अगदी घट्ट, कडा जुळवून गुंडाळतो. मग म्हणाला, "किती उशीर होतो, मास्तर?"

"सावकाश ‘एक’ म्हणण्याइतका."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. पॅड अजून माझ्या हातातच होते. बिचाऱ्याला माझ्या तोंडाकडे बघवत नसेल. मला वाटलं होतं तो भांडेल. बारा वर्षं तो या लढतीची वाट बघतोय. एकदा हातात होती तेव्हा बोट मोडलं, एकदा समोरचा आजारी पडला. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. बस. मग दारापर्यंत जाऊन परत आला. "उद्या येऊ ना? पॅड करायला?"

"लढत नाही तर पॅड कशाला?"

"असेच," तो म्हणाला.

मी ये म्हणालो. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनेही आग्रह केला नाही. एरवी ती मला तापातही जेवायला लावते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कपाटाच्या दारात बोट सापडलं. दार हल्ली फार पटकन लागतं, बिजागरीला तेल जास्त झालंय. नुसतं खरचटलं होतं, पण बायकोने असं बँडेज बांधलं की बोटाचं वांगं झालं. मी म्हटलं, अगं, हात पॅडमध्ये जाणार नाही. ती म्हणाली, इन्फेक्शन झालं तर? बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईशी इन्फेक्शनवर वाद घालायचा नसतो.

आज हॉलवर गेलोच नाही. थोरल्याला निरोप दिला, उद्या शिट्टी पॅड धरेल.

४ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहितो. घाई करत नाही.

मी बाकावर बसलो होतो. शिट्टीने पॅड घातले. मी तिला म्हणालो, माझ्या पद्धतीने कर. ‘हं’ म्हण आणि उचल. बघायचं नाही म्हणून मी डोळे मिटले. ऐकायला डोळे लागत नाहीत.

हंफट.

मला वाटलं चुकून झालं असेल. हंफट. हंफट, हंफट. डावा, उजवा, खाली. कुठेही जागा नाही. मधे नखसुद्धा शिरलं नसतं. अठ्ठावीस वर्षांचा थोरला समोर असल्यासारखा आवाज. खालून हमाल ओरडला, शिंका सुरू झाल्या का परत!

मी डोळे उघडले. शिट्टीचं ‘हं’ आणि तिचा हात एकदमच निघत होते. दोन्ही बरोबर. मग मी माझे हात मांडीवर ठेवले, एक वांगं आणि एक धड, आणि हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं, ‘हं’ म्हणून उजवा हात उचलला.

हात आला. सावकाश ‘एक’ म्हटल्यावर आला.

पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

ती जागा त्याच्याकडे नव्हतीच. ती माझ्या तोंडात आणि माझ्या हातात होती. मी ‘हं’ म्हणत होतो आणि हात मागून येत होता, आणि तो तिथे ठोसा घेऊन उभा राहून माझ्या हाताची वाट बघत होता. नसती बघितली तर बँकेच्या साहेबांनी दिला तसा रोज मिळाला असता, आणि थोरल्याचा ठोसा म्हणजे काही बँकेचा ठोसा नव्हे.

दोघांचं संपलं तेव्हा थोरल्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. लगेच खाली बघून पट्टी सोडायला लागला. मी जिना उतरलो. भर रस्त्यात मला रडू आलं, आणि मग लगेच हसूही आलं. एक बाई बाजूने निघाली होती, ती घाबरून पलीकडे गेली.

५ फेब्रुवारी, रविवार

थोरला रविवारी कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टचं काम करतो, त्या दिवशी लोक नसतात. तिथे गेलो. सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, आणि हा आत लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून तारेला ग्रीस लावत होता. मी दाराशी स्टुलावर बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो ग्रीस लावत राहिला. "तीन वर्षं झाली असतील."

"आणि बोलला नाहीस."

"काय बोलू?"

"मी तुझी लढत घालवली, गाढवा! कागद लिहून झाला. पोस्टात पडला. बारा वर्षं वाट बघतोयस ना? ‘मास्तर, हात तुमचा उशिरा येतोय,’ एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"मग तुम्ही पॅड सोडले असते."

"सोडले असते! सोडायलाच हवे होते."

त्याने चिंधीने हात पुसले, एकेक बोट. "लढत एकदाची असते, मास्तर. पॅड रोजचे असतात."

एकोणीस वर्षांत त्याने मला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. खाली कुठल्यातरी मजल्यावर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं आणि लिफ्ट काही हलत नव्हती.

मग तोच म्हणाला, "आणि नुकसान नाही झालं त्यात. पूर्वी मी ‘हं’वर मारायचो. काय येतंय ते न बघता. आता हात दिसल्याशिवाय मारत नाही. तुमच्याकडे दिसायला वेळ लागतो, म्हणून सवय झाली."

घरी येताना डोक्यात तेच होतं. पण लगेच पाघळायचं नाही असंही ठरवलं. एकदा चुकलो म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन चुकायचं नाही. पहिलवानाच्या वेळी मी असाच प्रेमाने आंधळा झालो होतो.

संध्याकाळी दोघांना हॉलवर बोलावलं. शिट्टीला म्हटलं, आता लबाडी कर. नुसतंच ‘हं’ म्हण, हात उचलू नकोस. मधेच खांदा हलव, मधेच डोळे उचल, आणि वाटेल तेव्हा खरा पॅड दाखव. अर्धा तास चाललं. थोरला एकदाही फसला नाही. ‘हं’ला हलला नाही, खांद्याला हलला नाही. आणि पॅड दिसला की मात्र जागाच नाही. पूर्वीचा थोरला यातल्या निम्म्या वेळा हवेत मारून तोंडघशी पडला असता, हे मी शपथेवर सांगतो. मीच त्याला तसा घडवला होता.

तरीही शिट्टीला विचारलं, कारण या वेळी मला एकट्याच्या कानावर सोडायचं नव्हतं. ती म्हणाली, "मास्तर, माझे दोन्ही हात सुन्न आहेत. अजून काय पाहिजे?"

म्हणजे ‘हो’. पण पत्र तर गेलेलं! घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, डोकं धरून बसलो. म्हटलं, उद्या सकाळी सेक्रेटरीच्या दारात जाऊन पाय धरतो.

ती उठली आणि भाजीच्या पिशवीतून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, टाकायचं विसरले. आयुष्यात ही काही विसरल्याचं मला आठवत नाही. लग्नात मी काय बोललो होतो तेसुद्धा हिला पाठ आहे. पण वय झालं की होतं असं माणसाचं. मी तिला रागावलो नाही, उलट धीर दिला. ती पदर तोंडाला लावून आत गेली. वाईट वाटलं असेल.

६ फेब्रुवारी, सोमवार

नवा कागद, एकच ओळ: ‘लढतीस हो.’ स्वतः नेऊन दिला. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, जबाबदारी तुमची. म्हटलं, आहेच. या वेळी चहा मी त्यांच्याकडचा प्यायलो.

थोरल्याला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त दोरीच्या उड्या मारल्या. पट्टी गुंडाळताना त्याला तीन वेळा कडा जुळवता आल्या नाहीत.

मग मी पॅड शिट्टीला दिले, कायमचे. भाषण करायचं ठरवून गेलो होतो. पॅड हातात घेताच ती म्हणाली, "आतून घामाचा वास येतो." म्हटलं, चाळीस वर्षांचा आहे, जपून वापर. भाषण झालं नाही ते बरंच झालं.

२० फेब्रुवारी, सोमवार

बायकोने परस्पर वेळ घेऊन ठेवली होती, डॉक्टरकडे जाऊन आलो. दिवा लागला की बटण दाबायचं तीच परीक्षा. डॉक्टर म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, वयाच्या मानाने ठीक. ‘वयाच्या मानाने’ हा शब्द छापखान्यात असता तर मी त्याचे खिळे वितळवून शिशाचा गोळा केला असता. पण जीव भांड्यात पडला हेही खरं. बायको परतताना रस्ताभर गुणगुणत होती.

हॉलवर आता मी स्टुलावर बसतो. कान देतो आणि नको तिथे बोलतो. मला वाटलं होतं त्रास होईल. झाला नाही. उभं राहून मी कधी थोरल्याचे पाय बघितलेच नव्हते. एकोणीस वर्षं! फार सुंदर पाय टाकतो हा माणूस.

५ मार्च, रविवार

काल लढत झाली. दुपारी चारला. अंग दुखतंय, जसा काही मीच खेळलो.

तुडतुड्या रिंगणात आला तोच नाचत. पहिल्या राउंडपासून हूल. खांदा, डोळा, गुडघा, सगळं हलवायचा. थोरला नुसता उभा. दुसऱ्या राउंडमध्ये प्रेक्षकांतून आवाज यायला लागले, "म्हातारा झोपला!" तिसऱ्यात हूल देता देता तुडतुड्याने दोन खरे घातले आणि ते लागले. पहिलवान डोळ्यांसमोर उभा राहिला. टॉवेल माझ्या हातात होता. फेकला की लढत थांबते. मी तो असा पिळत होतो की शिट्टीने तो माझ्याकडून काढून घेतला.

राउंड संपल्यावर थोरला स्टुलावर बसला. मी विचारलं, "दिसतंय का तुला?"

"दिसतंय," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा लवकर येतो थोडा."

मी एवढा हसलो की पंचांनी वळून पाहिलं.

पाचव्यापासून तुडतुड्याला कळेना. हुलीला कोणी भुलतच नाही म्हटल्यावर हूल देणारा काय करणार? तो खरे ठोसे घालायला लागला, आणि प्रत्येक खऱ्या ठोशाच्या आत थोरला आधीच हजर. फट. आठव्यात पोर खाली बसलं. नऊ म्हणेपर्यंत उठलं, धाडसी आहे. दहावा राउंड संपला तेव्हा दोघेही उभे होते, आणि तिन्ही पंचांनी थोरल्याचं नाव घेतलं.

त्याच्या धाकटीने किताबाच्या पट्ट्यावर पहिला स्टिकर लावला. बायको आणि शिट्टी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. एवढं यांचं कधी जमलं, देव जाणे.

मग कपडे बदलायच्या खोलीत एक बातमीदार आला. तरुण, वही-पेन घेऊन. थोरल्याला विचारलं, "हे थांबणं कुठून शिकलात? पूर्वी तुम्ही असं खेळत नव्हता."

थोरला बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "मास्तरांनी शिकवलं. तीन वर्षं, रोज, पॅडवर."

बातमीदार माझ्याकडे वळला. कुठला व्यायाम देता, किती वेळ, इतरांना शिकवता येईल का? शिट्टीला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर गेली. थोरला नाडीत मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"व्यायाम नाही," मी म्हणालो. "त्याला वय व्हावं लागतं."

बातमीदाराला ते फार पटलं. त्याने मान डोलावली, वहीत ‘सदतीस’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझं वय त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.